खर्पुडी आत्ता फुललीय, उन्हाळी खड्डे खणण्याआधी खुणा करून घ्या

लेखक: कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी,

भाद्रपद सरत आलाय आणि आमच्या पुरंदर तालुक्यातल्या डोंगरपायथ्यांवर खर्पुडी फुलली आहे. कुणी तिला खापरखुटी म्हणतं, पुस्तकात ती सेरोपेजिया बल्बोसा. कंदीलपुष्पांच्या, म्हणजे सेरोपेजियांच्या, गोतावळ्यात तिच्या काही बहिणी एखाद्याच डोंगरावर उगवतात, त्यांच्यामागे कॅमेरे धावतात. खर्पुडी त्या मानाने सर्वदूर सापडणारी. दख्खनच्या कोरड्या टेकड्यांपासून गुजरात-राजस्थानपर्यंत तिचा पसारा आहे. त्यामुळे तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. हा धागा तिच्यासाठी काढलाय. त्यामागे एक कामही आहे, ते पुढे येईलच. आधी फूल बघू.

वेल अगदी बारीक असतो. करवंदीच्या, हेकळीच्या नाहीतर निवडुंगाच्या जाळीतून वर चढतो. काट्यांत शेळीचं तोंड पोचत नाही म्हणून तिथला वेल तगतो, उघड्यावरचा फुलायच्या आतच खुडला जातो. पानं मांसल. एका वेलाची पानं गोलसर आणि दहा पावलांवरच्या दुसऱ्या वेलाची अरुंद, लांबट असंही दिसतं. पूर्वीच्या अभ्यासकांनी या अरुंद पानांच्या वेलाला वेगळं नावच दिलं होतं, आता दोन्ही एकाच जातीत धरतात. तेव्हा पान बघून 'ही ती नव्हे' असं म्हणून पुढे जाऊ नका.

फूल इंचाच्या आतबाहेर. बुडाशी फुगीर, फिकट हिरवट. त्यावर अरुंद नळी. नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या निघतात, पण त्या उमलून बाहेर पसरत नाहीत. टोकांशी एकमेकींना चिकटलेल्या राहतात आणि दोन-दोन पाकळ्यांच्या मधे एकेक फट राहते. म्हणजे वर छप्पर आणि भोवती पाच खिडक्या. पाकळ्या जांभळट, त्यांच्या कडांना बारीक केस. साधं भिंग घेऊन सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, बुडाच्या फुगीर भागातून उजेड आरपार येतो आणि आत एखादं चिलट फिरताना चक्क दिसतं. ते आत का असतं हे सांगणारी जाणकार मंडळी इथे आहेत, त्यांनी लिहावं.

विल्यम रॉक्सबर्गने १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात हिचं वर्णन छापलं. शास्त्राच्या वहीत तिचं नाव सव्वादोनशे वर्षांपासून आहे. डोंगराकडेच्या माणसांना तर ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक, कारण हिचा कंद खातात.

आता काम. पावसाळा संपला की हा वेल वाळतो, आणि दिवाळीनंतर जागेवर त्याचा मागमूस राहत नाही. जमिनीखाली वीतभर खोल, दगडांच्या सांदीत कंद मात्र जिवंत असतो आणि पुढच्या मृगापर्यंत तसाच पडून राहतो. नेमक्या याच काळात, मार्च ते मेमध्ये, आपल्याकडे पायथ्याच्या उतारांवर वृक्षलागवडीचे खड्डे आणि पाणी मुरवण्यासाठी उताराला आडवे, एका पातळीत जाणारे सलग समतल चर खणले जातात. खणणाऱ्याला तिथे वाळलेलं गवत आणि मुरूम याशिवाय काहीच दिसत नाही. दिसणार तरी कसं? कंद उकरला जातो, उन्हात पडतो, संपतो. जूनमध्ये त्याच जागी रोप लावून फोटो काढला जातो, आणि काय गेलं हे कुणाच्या गावीही नसतं.

आमच्या गावाजवळच्या एका उतारावर पुढच्या उन्हाळ्यात लागवड होणार असं बोललं जातंय. म्हणून आम्ही काही जण येत्या दोन-तीन रविवारी तो उतार पायाखाली घालणार आहोत. जिथे जिथे खर्पुडी दिसेल तिथे मोबाईलवर ठिकाण नोंदवायचं आणि जाळीच्या बुंध्याशी दगडांची छोटी रास करायची. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्याही गावाजवळ अशी लागवड ठरली असेल, तर बघण्याचे दिवस आत्ताचे आहेत. उन्हाळ्यात कितीही कळकळ दाखवली तरी तेव्हा बघायला काही उरलेलं नसतं.

फोटो खाली जोडले आहेत. एकात गोल पानाचा वेल, दुसऱ्यात अरुंद पानाचा.

---

प्रतिसाद: रानवाटा

अप्रतिम फोटो! दुसऱ्या फोटोत पाकळ्यांवरचे केस काय सुरेख आलेत. नेमकी जागा कुठली? पुढच्या रविवारी पुण्याहून निघायचा विचार आहे.

---

प्रतिसाद: कऱ्हाकाठ

धन्यवाद रानवाटा. जागा इथे उघड्यावर लिहीत नाही, गैरसमज नसावा. कंदीलपुष्पांचे कंद उपटून नेऊन विकणारे लोक आहेत, आणि फोटोसाठी जाळी मोडून वेल ओढून उजेडात आणणारेही आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आपण बरोबरच जाऊ. येताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, करवंदीची जाळी आहे.

---

प्रतिसाद: नलूताई

माझं माहेर संगमनेरकडचं, डोंगराच्या अंगाला. आम्ही खरपुडी म्हणायचो. श्रावणात गुरांमागे गेलं की पोरांचा पहिला उद्योग हाच. वेल दिसला की वेलाचा माग धरून खाली जायचं, ओढायचा नाही. ओढला तर तो मातीपाशी तुटतो आणि मग कंद सापडत नाही. काठीच्या टोकाने हळूहळू मुरूम बाजूला करायचा. कंद भाकरीच्या उंड्यासारखा, वरून जरा दबलेला. साल नखाने निघते, आत पांढरा, पाणीदार. कच्चाच खायचा. पहिल्या घासाला गोडसर आणि मागून जिभेवर थोडा कडसरपणा राहतो. तहान मात्र भागते. मोठे कंद घरी आणले तर आजी ते उकडून मिठाबरोबर द्यायची.

आजीचा दंडक होता. जाळीच्या आतला वेल सोडायचा, बाहेरचाच काढायचा. आणि ज्या वेलाला शेंगा धरल्यात त्याला हात लावायचा नाही. याचं कारण तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता तुमचा लेख वाचताना वाटतंय की बी पडायला आणि आतला कंद वाढायला तेवढी सवड मिळत असणार.

कऱ्हाकाठ, तुम्ही हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आमच्या त्या उताराची आता सपाट प्लॉटिंग झाली आहे, तिथे बघायला जाण्यासारखं काही नाही.

---

प्रतिसाद: वनस्पतीवेडा

कऱ्हाकाठ यांनी चिलटाचा विषय काढलाच आहे तर जरा सविस्तर लिहितो. हा माझ्या अतिशय जिव्हाळ्याचा विषय आहे.

कंदीलपुष्पाचं फूल म्हणजे काही काळापुरता तुरुंग आहे. पाकळ्यांमधून एक मंद वास सुटतो, बऱ्याचदा आपल्या नाकाला तो कळतही नाही. त्या वासावर अगदी बारीक माश्या येतात आणि खिडकीच्या कडेवर बसतात. आतला पृष्ठभाग मेणचट, निसरडा, त्यावर पाय ठरत नाहीत. माशी नळीत घसरते. नळीच्या आत केस असतात, त्यांची टोकं खालच्या दिशेला, त्यामुळे खाली जाता येतं पण वर चढता येत नाही. बुडाचा फुगीर भाग अर्धपारदर्शक असल्यामुळे तिथे उजेड जास्त. सुटकेची वाट उजेडाकडे असेल या अंदाजाने माशी तिथेच घिरट्या घालत राहते.

खरं काम याच भागात चालतं. तिथे मध्यभागी परागकोश आणि कुक्षी एकत्र जुळून झालेला एक छोटा खांब असतो. या गोतातल्या झाडांचे परागकण सुटे उधळत नाहीत, त्यांचे मेणचट पुंज असतात. दोन पुंज एका बारीक चिमट्याला जोडलेले. माशी तळाचा मध चाटायला सोंड घालते आणि चिमटा सोंडेत अडकतो. बहुतेक वेळा दिवसभराच्या आतबाहेर नळीतले केस सुकून आखडतात, आणि काही जातींत ताठ उभं असलेलं फूल आडवंही होतं. मग माशी चालत बाहेर पडते, सोंडेला परागपुंज घेऊन. आणि तरीही ती दुसऱ्या फुलात शिरते! तिथे तो पुंज अचूक खाचेत बसला तर फळ धरतं. एवढ्या साखळीत कुठेही चूक झाली की फळ नाही, म्हणून कंदीलपुष्पांना फुलांच्या मानाने शेंगा फार कमी लागतात. नलूताईंच्या आजींचा नियम किती मोलाचा होता ते यावरून लक्षात यावं.

दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पावर, सेरोपेजिया सँडरसोनाय त्याचं नाव, २०१६ साली एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. जखमी मधमाशीच्या अंगातून जो वास सुटतो तसाच वास ते फूल सोडतं. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीच्या रसावर जगणाऱ्या काही बारीक माश्या आहेत, त्या मेजवानी समजून येतात आणि अडकतात. आपल्या सह्याद्रीतल्या जातींकडे एवढ्या बारकाईने बघणारी तरुण मंडळी पुढे यायला हवीत. त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. भिंग, वही आणि एका फुलाशेजारी दिवसभर बसायची तयारी एवढ्यावर सुरुवात होते.

शेंगा जोडीने येतात, बारीक आणि लांब. उकलल्या की प्रत्येक बीला रेशमी केसांचा झुबका. रुईची 'म्हातारी' उडताना सगळ्यांनी पाहिली असेल. खर्पुडी रुईच्याच कुळातली, तेव्हा बीचा थाट तोच.

---

प्रतिसाद: अवनी_न्यूजर्सी

किती छान माहिती! माझ्या खिडकीत हृदयाच्या आकाराच्या पानांचा एक लोंबता वेल आहे. इथे दुकानात मिळतो. त्याला अशीच बारीक कंदिलासारखी फुलं येतात. ही त्याचीच नातेवाईक का?

---

प्रतिसाद: वनस्पतीवेडा

हो अवनी, सख्खी म्हणता येईल अशी. तुमच्याकडचा बहुधा सेरोपेजिया वूडाय, मूळचा आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा. त्याच्या वेलावर जागोजागी मण्यांसारख्या बारीक गाठी येतात, त्या मातीत ठेवल्या की नवीन रोप होतं. फुलं आली की एक फूल उभं चिरून बघा. आतले केस खाली वळलेले नीट दिसतील.

---

प्रतिसाद: हिरवाई

मी आमच्या गावात गेली काही वर्षं वृक्षलागवडीचं काम करतो, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. राग नसावा.

आमच्याकडे फेब्रुवारीतच टँकर सुरू होतो. डोंगर उघडा बोडका आहे, पाऊस पडला की माती वाहून ओढ्यात जाते. चर खणल्याने पाणी मुरतं हे आम्ही विहिरींवर बघितलंय. लोकांना गोळा करायचं, खड्डे घ्यायचे, रोपं जगवायची यात घाम गाळावा लागतो. आता कुणी म्हणालं की एका फुलाच्या वेलासाठी हे थांबवा, तर गावाला काय तोंड दाखवायचं? फुलाबद्दल मलाही प्रेम आहे. पण पाणी आधी.

---

प्रतिसाद: कऱ्हाकाठ

हिरवाई, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत याचा आनंद आहे. पाणी आधी हे मलाही मान्य. आमचा तालुकाही पर्जन्यछायेचा आहे, टँकरची वाट आम्हीही बघितली आहे.

थांबवा असं मी म्हणत नाही. खड्डा चार हात बाजूला घ्या, चर जाळी सोडून वळवा, एवढंच मागणं आहे. खर्पुडी सबंध उतारभर पसरलेली नसते. ती ठरावीक जाळ्यांच्या बुडाशी असते. त्या जाळ्या कोणत्या हे आत्ता नोंदवलं तर उन्हाळ्यात मुकादमाला कागद दाखवता येतो.

पण 'उघडा बोडका' या शब्दांवर मात्र थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुरंदर, बारामती, माण, खटाव या पट्ट्यातले कितीतरी उतार मुळात गवताचे आणि खुरट्या झुडपांचेच आहेत. तिथे मातीचा थर जेमतेम, खाली मुरूम आणि खडक. दाट जंगल तिथे तुटून गेलेलं नाही, पावसाचं आणि मातीचं मान बघता तिथे गवतच नांदायचं. याच गवतात माळटिटव्या, चिंकारा, लांडगे राहतात, मेंढपाळांची मेंढरं इथेच चरतात. सरकारी नकाशांत मात्र असली झुडपी जमीन 'पडीक' या सदरात जाते, आणि पडीक म्हटलं की तिचं काहीतरी केलंच पाहिजे असं सगळ्यांना वाटू लागतं.

झाडं लावायचीच तर ओघळीच्या कडेला, जिथे माती साठते तिथे लावूया. पळस, हिवर, बोर, आपटा, खैर ही तिथे आपली आपण उभी राहतात. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावल्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच असेल. मेक्सिकोकडचं झाड, लावलं की भराभर वाढतं. टेकडी हिरवी दिसायला लागली, पण त्याच्या सावलीत खालचं गवत आणि पावसाळी फुलं विरत गेली. एवढ्या कष्टाने केलेल्या कामाचं फळ असं मिळू नये हीच इच्छा आहे.

---

प्रतिसाद: वस्तीवरची

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही कधी. पण आज लिहायलाच पाहिजे.

रोजगार हमीवर मी चर खणायला गेलेली आहे. चैत्र-वैशाखात. टिकाव मारला की मुरमातून गोल कंद निघायचे. जाळीच्या जवळ जास्त. तेव्हा कुणाला हे फुलाचं आहे असं ठाऊक नव्हतं, पण बाया ओळखायच्या, खरपुडी म्हणून. दुपारच्या सुटीत साल काढून पोरांना द्यायचो. पाणी लांब असायचं, तर तेवढाच घशाला ओलावा. कधीकधी पदरात बांधून घरी न्यायचो. जे टिकावाने फुटायचे ते तिथंच मातीच्या ढिगात जायचे.

कऱ्हाकाठ दादा म्हणतात तसंच होतं. वर काहीच दिसत नाही त्या दिवसांत. आम्हाला कुणी सांगितलं असतं की ही जाळी सोडून खणा, तर सोडली असती. आम्हाला काय, मापं पुरी झाली की झालं. मुकादमानं चुन्याची फक्की मारली की आम्ही त्या फक्कीवरून खणतो. फक्की वाकडी मारायला लावा, बाकी बायाच बघून घेतील.

---

प्रतिसाद: हिरवाई

वस्तीवरची ताई, तुमच्या प्रतिसादाने माझ्या डोळ्यांसमोर आमचंच काम आलं. फक्की मारायला आमच्याकडे मीच असतो. आमच्या उतारावर खर्पुडी आहे की नाही हे मी या रविवारी जाऊन बघतो आणि इथे कळवतो. चर वळवायला तांत्रिक अडचण तशी नाही. समपातळी राखून मधे खंड पाडता येतो, नाहीतरी खडक लागला की आम्ही खंड पाडतोच.

गवताळ जमिनीबद्दल कऱ्हाकाठ यांच्याशी माझं अजून पूर्ण पटलेलं नाही. आमच्या डोंगरावर आजोबांच्या वेळी झाडं होती असं थोरले सांगतात. पण तो वाद वेगळा, त्यासाठी वेगळा धागा काढू.

---

प्रतिसाद: नाशिककर

एखाद्याच डोंगरावर उगवणाऱ्या कंदीलपुष्पांचा उल्लेख झालाच आहे, म्हणून आमच्या नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराबद्दल थोडी भर. अंजनेरीच्या माथ्यावर जे कंदीलपुष्प सापडलं त्याला २००६ साली नवीन जात म्हणून नाव मिळालं, सेरोपेजिया अंजनेरिका. इवलीशी उभी वनस्पती, वेल नाही, गवतातून जेमतेम डोकं वर काढते. भारतात कंदीलपुष्पांच्या पन्नासाहून जास्त जाती आहेत आणि त्यातला मोठा वाटा सह्याद्रीचा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे कार्यालयातले एम. वाय. अन्सारी यांनी यावर आयुष्य वेचलं, त्यांचा भारतातल्या कंदीलपुष्पांवरचा ग्रंथ १९८४ साली आला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. आर. यादव सरांनी या जातींची रोपं वाढवून जपण्याचं मोठं काम उभं केलं.

चराईबद्दल कऱ्हाकाठ यांनी शेळ्यांना दोष दिल्यासारखं वाटलं, म्हणून लिहितो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर कुंपण घालून गुरं थांबवली तेव्हा गवत माजलं आणि बारकी फुलं कमी झाली, असं तिथले गावकरी सांगत आले आहेत. शेळी एखादा वेल खाते हे खरं, पण गुरं अजिबातच फिरकली नाहीत तर उंच गवतात खुज्या फुलांना ऊन मिळत नाही.

---

प्रतिसाद: कऱ्हाकाठ

नाशिककर, मोलाची भर. शेळ्यांवर रोख नव्हता. खर्पुडी जाळीत का सापडते, तेवढंच सांगायचं होतं. मेंढपाळांशिवाय हे माळ टिकणार नाहीत हे माझंही मत आहे.

---

प्रतिसाद: बाल्कनीबाग

एखादा कंद मिळू शकेल का? कुंडीत लावून वाढवीन, मनापासून काळजी घेईन. कुरिअरचा खर्च देईन.

---

प्रतिसाद: कऱ्हाकाठ

बाल्कनीबाग, तुमच्या मनापासून असण्याबद्दल शंका नाही, पण जंगलातला कंद काढून मी कुणालाच देणार नाही. तो कंद मोठा व्हायला कितीतरी पावसाळे गेलेले असतात. आणि कुंडीत तो कुजतो तो बहुधा अति पाण्यामुळेच, कारण सहा-सात महिने कोरडं राहण्याची त्याला सवय असते. शेंगा पिकल्यावर ज्या वेलांना भरपूर शेंगा असतील तिथल्या थोड्या बिया आमच्या शाळेतल्या एका शिक्षिका रोपांसाठी घेणार आहेत, जमिनीच्या मालकाला विचारून. रोपं नीट वाढली तर त्यातलं एक तुमच्यासाठी मागून बघतो. मुरूम आणि जाड वाळूचं मिश्रण तयार ठेवा.

---

प्रतिसाद: फुलपाखरू_वेडी

एक राहिलंच की! रुईवर वाढणारं बिबळ्या कडवा हे केशरी फुलपाखरू कंदीलपुष्पांच्या काही जातींवरही अंडी घालतं. त्यामुळे वेलावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर कीड समजून काढू नका. ती पानं खाते, पण खाली कंद शाबूत असतो. रविवारी येणाऱ्यांनी असा वेल दिसला तर फोटो जरूर टाका, मी वाट बघते आहे.

---

प्रतिसाद: रानवाटा

काल कऱ्हाकाठ यांच्याबरोबर जाऊन आलो. वर वाचलेलं सगळं डोळ्यांनी बघितलं. नवख्यांसाठी एक सूचना: फूल शोधू नका, जाळीवर चढलेला मांसल पानांचा वेल शोधा. फूल जाळीच्या आत, सावलीत असतं आणि दोन हातांवरूनही दिसत नाही. मी पहिल्या तासात एकही पाहिलं नाही, मग नजर बसली आणि एकाच जाळीत चार-पाच वेल सापडले. एका फुलाच्या बुडात दोन चिलटं होती. दगडांच्या राशी रचताना एक मेंढपाळ आजोबा आले. कशासाठी ते विचारलं, आणि मग स्वतःहून वरच्या अंगाच्या तीन जाळ्या दाखवल्या. त्या आम्हाला सापडल्याच नसत्या.

एक प्रश्न. आपण नोंद केली, राशी केल्या. पण उन्हाळ्यात दुसराच कुणी ठेकेदार आला आणि म्हणाला की मला काही सांगितलेलं नाही, तर?

---

प्रतिसाद: ग्रामसेवा

रानवाटा यांच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ही वही एकदा तयार होऊन कपाटात गेलेली असते. ती बाहेर काढायला लावा. तुमच्या नोंदी, म्हणजे वनस्पतीचं स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, गट नंबर, कोणत्या महिन्यात दिसते, लोक तिचा काय उपयोग करतात, हे सगळं समितीपुढे ठेवून वहीत चढवून घ्या. उपयोगाच्या रकान्यात नलूताई आणि वस्तीवरची ताई यांनी लिहिलंय तशी माहिती गावातल्या बायकांकडूनच घ्या. ती कुठल्या पुस्तकातून आणू नका. नेमकं ठिकाण वहीत असू द्या, पण बाहेर फलकावर लावू नका.

त्यानंतर ग्रामसभेत विषय घ्यायचा. ठरावात 'लागवड करू नये' असं लिहिलंत तर अर्धी सभा उठून जाईल. 'नोंदवहीत दाखवलेल्या जाळ्यांपासून ठरावीक अंतर सोडून खड्डे व चर घ्यावेत आणि आखणीच्या वेळी समितीचा एक सदस्य हजर असावा' असं लिहा. हे कुणालाही अडचणीचं वाटत नाही. ठरावाची प्रत लागवड करणाऱ्या खात्याला आणि संस्थेला पोच घेऊन द्या. जमीन वनखात्याची असेल तर वनरक्षकाला सोबत घेऊन एकदा उतार फिरा. कागदावर न उमटणाऱ्या गोष्टी तो तिथे बघतो.

ऑक्टोबरच्या आत हे झालं तर बरं. कामांचे आराखडे त्याच सुमारास पुढे जायला लागतात, एकदा आखणी मंजूर झाली की चार हातही हलवायला फार पत्रव्यवहार होतो.

---

प्रतिसाद: हिरवाई

ग्रामसेवा, ठरावाचा मसुदा इथे टाकाल का? आमच्या उताराच्या खालच्या अंगाला तीन जाळ्यांत खर्पुडी सापडली. दोन जाळ्या यंदाच्या आखणीत अगदी चराच्या रेषेवर आहेत. रेषा मी वरच्या बाजूने वळवून घेतो आहे, आणि आमच्या समितीची वही कुणाकडे आहे ते उद्या विचारतो.